किती अँपिअरची? भंडाऱ्यातल्या घरांचा आणि एमसीबीचा प्रश्न

भंडारा, तुमसर, साकोली किंवा पवनीच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानात एमसीबी, म्हणजे छोटा सर्किट ब्रेकर, घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुधा एकच आकडा बोलतं: बत्तीसची द्या. ती कोणत्या तारेवर बसणार, घर डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, किती लांब आहे, अर्थिंग आहे की नुसता तीन पिनांचा सॉकेट आहे, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाइकालाही सांगण्यासारखं वाटत नाही. आधीची सोळाची सारखी पडत होती, म्हणून आता बत्तीसची. हिशेब तिथेच संपतो. त्यामागचं तर्कशास्त्र अश्वशक्तीचं आहे: आकडा मोठा तितकी वस्तू दमदार. प्रत्यक्षात ब्रेकरवरचा आकडा ताकद सांगत नाही, तो सहनशीलता सांगतो, आणि मागची तार बारीक असेल तर ब्रेकरची वाढीव सहनशीलता हाच घराला असलेला धोका ठरतो. या आढाव्यात मांडायचं आहे ते इतकंच, की अँपिअर ठरवणं ही निवडीतली शेवटची आणि सर्वांत सोपी पायरी आहे. त्याआधी तारेची जाडी, ट्रान्सफॉर्मरपासूनचं अंतर आणि जमिनीचा रोध यांचा विचार व्हायला हवा. आणि माणसाचा जीव वाचवणारं साधन तर एमसीबी नसून तिच्या शेजारी बसणारं दुसरंच काही आहे. पूर्व विदर्भातला उन्हाळा, गावोगावी पसरलेल्या लांबच लांब एलटी (कमी दाबाच्या) लाइनी आणि घरोघरचे पत्र्याचे कूलर यांमुळे मुंबई-पुण्याच्या फ्लॅटसाठी तयार झालेलं उत्तर इथे जसंच्या तसं चालत नाही.

एमसीबीच्या आधी चिनी मातीचा किटकॅट फ्यूज होता आणि जुन्या घरांत तो अजूनही आहे. त्याची निंदा करण्याची पद्धत पडली आहे, पण मूळ कल्पना वाईट नव्हती: तारेच्या आधी वितळणारी एक कमजोर तार मुद्दाम मधे घालायची. दोष असा, की ती कमजोरी कायम ठेवणं घरमालकाच्या हाती होतं. फ्यूज उडाला की फ्यूज वायर घरात नसायची, मग जुन्या केबलचे दोन-तीन पदर पिळून घातले जायचे आणि फ्यूज नुसता नावाला उरायचा. डीपीवरच्या फ्यूजपेटीत आजही जाडजूड तार घातलेली दिसते, तिच्यामागची मानसिकता हीच. योग्य तार घातली तरी हा फ्यूज त्याच्या आकड्याच्या जवळपास दुप्पट प्रवाहाला वितळतो, म्हणजे तारेला बराच वेळ तापू देतो. जर्मनीतल्या मानहाइम शहरात हुगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ साली आजच्या एमसीबीचा पूर्वज घडला. एकाच डबीत उष्णतेने वाकणारी द्विधातूची पट्टी आणि झटक्याने ओढणारं विद्युतचुंबक, असा तो मेळ होता. पट्टी हळू वाढणाऱ्या अतिभाराला ओळखते आणि चुंबक शॉर्ट सर्किटला. शंभर वर्षांनंतरही डबीच्या आत हेच दोन कामगार आहेत. भारतात एमसीबीसाठी आधी आयएस ८८२८ हे मानक होतं, आता आयएस/आयईसी ६०८९८ आहे, आणि २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशापासून आयएसआय खुणेशिवाय एमसीबी विकता येत नाही. बनावट माल तरीही फिरतो, म्हणून खूण आणि परवाना क्रमांक दोन्ही पाहावेत. मात्र अस्सल एमसीबीसुद्धा चुकीच्या जागी बसली तर बनावटीइतकीच निरुपयोगी असते, आणि चर्चा बहुतेक वेळा ब्रँडपाशी थांबते हे खरं दुखणं आहे.

'चाळीस वर्षं फ्यूजवर घर चाललं, काही झालं नाही,' हा आक्षेप जुन्या पिढीचा आहे आणि तो खोटा नाही. पण तेव्हा त्या घरात चार बल्ब, एक रेडिओ आणि फार तर एक पंखा होता. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत गरीब कुटुंबांना मोफत जोडणी मिळाली. तिच्यात सर्व्हिस केबल, मीटर, एका पॉइंटचं वायरिंग आणि एलईडी दिवा होता. वीज नसलेल्या घरात वीज आली हे मोठंच काम झालं. पुढे त्या एका पॉइंटवरून पंखा आला, मग टीव्ही, मग फ्रिज, मग कूलर, आणि काही घरांत परसातल्या बोअरची मोटार. भार दहापट झाला, तार तीच राहिली. आता तिथे एमसीबी बसवायची तर ती किती अँपिअरची, याचं उत्तर घरातली उपकरणं मोजून मिळत नाही. ते त्या पहिल्या तारेकडे पाहून मिळतं.

तारेचा हिशेब आकड्यांत पाहिला की बत्तीसच्या आग्रहातली गफलत दिसते. आंतरराष्ट्रीय तक्त्यांनुसार पाइपातून नेलेली २.५ चौरस मिलिमीटरची पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार २४ अँपिअर वाहू शकते, पण सभोवतालची हवा ३० अंशांची असेल तर. हवा ४५ अंशांवर गेली की हा आकडा ०.७९ ने गुणायचा, म्हणजे उरले १९ अँपिअर; ५० अंशांना ०.७१ ने, म्हणजे १७. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या भिंतीतला किंवा पत्र्याखालचा पाइप बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेला असतो. १.५ ची तार, जी इथल्या बहुतेक घरांत दिव्यांसाठी टाकतात आणि नंतर तिच्यावरच सॉकेट काढतात, ती ३० अंशांना साडेसतरा आणि ४५ अंशांना जेमतेम १४ अँपिअरची उरते. आता दुसरी बाजू. मानकानुसार एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर न पडता सोसलाच पाहिजे, आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभरात पडलं पाहिजे. म्हणजे २० ची एमसीबी २९ अँपिअरला पडायला तासभर घेऊ शकते आणि तरीही ती निर्दोष ठरते. ३२ ची एमसीबी ३६ अँपिअर तासभर निमूट वाहते, ४६ अँपिअरलाही तिला तासाची मुभा आहे. १४ अँपिअर सोसणाऱ्या तारेवर ती बसवली तर आवरण वितळून आग लागेपर्यंत डबीच्या आतल्या पट्टीला काही वावगं जाणवणारही नाही. म्हणून या भागात दिव्यांच्या १.५ च्या तारेला ६ किंवा फार तर १० ची, कूलर-फ्रिज-सॉकेटच्या २.५ च्या तारेला १६ ची आणि एसी किंवा गिझरच्या ४ च्या तारेला २० ची एमसीबी हे प्रमाण धरावं. शहरातला तक्ता २.५ च्या तारेला २० ची चालते म्हणेल. इथे उन्हाळ्यात ती चालत नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की उन्हाळ्यात तर सोळाचीही पडते, आणि नेमकी दुपारी कूलर हवा असतो तेव्हाच. आक्षेप बरोबर आहे, निदान चुकीचं आहे. एमसीबीतली पट्टी ३० अंशांना धरून बेतलेली असते. डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या, बंद पेटीत ५० अंश झाले, शेजारच्या एमसीबीही तापलेल्या असल्या, की १६ ची एमसीबी दहा टक्क्यांच्या आसपास आधीच हार मानते. नेमका आकडा उत्पादकाच्या पत्रकात असतो. पण त्याच वेळी भिंतीतल्या तारेची कुवतही घटलेली असते. म्हणजे मे महिन्यात पडणारी एमसीबी बिघडलेली नसते, ती तारेची खरी अवस्था सांगत असते. तिच्यावर उपाय मोठी एमसीबी हा नाही. कूलरला डीबीपासून वेगळी तार काढणं, पेटी स्वयंपाकघराच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवरून सावलीत आणणं, आणि पेटीत दोन भारी एमसीबींमध्ये एक जागा रिकामी सोडणं, हे उपाय आहेत. तारेची टोकं स्क्रूखाली घट्ट नसली तरी तिथे उष्णता होते आणि एमसीबी पडते. म्हणून बदलण्याआधी पेचकस फिरवून पाहिला तर पुष्कळदा खर्च वाचतो. अर्थात मेन बंद करून, आणि वायरमननेच.

अँपिअरनंतर डबीवर आणखी दोन खुणा असतात, आणि त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. एक म्हणजे चौकोनात छापलेला ६००० किंवा १०००० हा आकडा: शॉर्ट सर्किटचा किती प्रवाह ही एमसीबी स्वतः न फुटता तोडू शकते. दहा हजारांची एमसीबी भारी म्हणून विकली जाते. भंडाऱ्याच्या खेड्यात तिची गरज आहे का, हे कागदावर काढता येतं. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण १३३ अँपिअर आणि त्याचा अंतर्गत अडथळा साडेचार टक्के. म्हणजे थेट ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर शॉर्ट केलं तरी प्रवाह तीन हजारांच्या आसपास. घरापर्यंत येता येता तो काही शेकड्यांवर उतरतो. सहा हजारांची एमसीबी दुपटीने पुरेशी आहे. शहरातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला अगदी लागून असलेल्या इमारतीत दहा हजारांना अर्थ असेल, पालांदूरसारख्या गावातल्या टोकाच्या घरात नाही.

दुसरी खूण म्हणजे आकड्याच्या आधीचं अक्षर: बी, सी किंवा डी. चुंबक किती पट प्रवाहाला झटक्यात ओढेल हे ते अक्षर सांगतं. बी तीन ते पाच पटीला, सी पाच ते दहा पटीला, डी दहा ते वीस पटीला. खेड्यातल्या घरासाठी मला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा वाटतो. दुकानांत सरसकट सी मिळते, कारण मोटार, फ्रिज चालू होताना घेतलेल्या क्षणिक झटक्याला ती पडत नाही आणि तक्रार येत नाही. पण डीपीपासून अर्धा किलोमीटर लांब असलेल्या घराचा हिशेब करू. खेड्यातल्या एलटी लाइनवर दिसणाऱ्या स्क्विरल जातीच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १.४ ओहम; जाऊन-येऊन एक किलोमीटर, म्हणजे १.४ ओहम. सर्व्हिस वायर अॅल्युमिनियमची, चार चौरस मिलिमीटरची, तीस मीटर असेल तर जाऊन-येऊन जवळपास अर्धा ओहम. घरातली १.५ ची तार पंधरा मीटर, तिचे आणखी ०.३६. एकूण सव्वादोन ओहम धरा. २३० व्होल्टला सव्वादोनाने भागलं की शॉर्ट सर्किटचा प्रवाह निघतो फक्त १०० अँपिअरच्या आसपास. सोळाची सी एमसीबी झटक्यात पडण्याची हमी १६० अँपिअरलाच देते. म्हणजे खरंखुरं शॉर्ट झालं तरी चुंबक गप्प बसू शकतं आणि काम मंद पट्टीवर पडतं; तिला काही सेकंद लागतात. १.५ ची तार १०० अँपिअरला आपल्या आवरणाच्या मर्यादेपर्यंत पोहोचायला तीन सेकंदही पुरतात. सोळाची बी एमसीबी मात्र ८० अँपिअरलाच पडते, दहाची बी ५० ला. म्हणून लांबच्या घरात दिवे आणि सॉकेटवर बी घ्यावी, आणि सी फक्त बोअरच्या मोटारीला आणि एसीला ठेवावी. डी तर घरात नकोच. मोटार जळू नये म्हणून एमसीबीवर भिस्त ठेवणंही चूक. उन्हाळी धानाच्या दिवसांत पंप जोरात चालतात, व्होल्टेज घसरतं, मोटार जास्त प्रवाह ओढते आणि तापते. तिला वाचवणं स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं काम आहे.

इथवरची सगळी चर्चा तारेला वाचवण्याची आहे. माणसाचं काय, हा प्रश्न इथे कूलरच्या रूपाने समोर येतो. विदर्भातला घरगुती कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, पाण्यात बुडालेला छोटा पंप, वर पंख्याची मोटार, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ओल्या ताट्या. वीज, पाणी आणि लोखंड यांची इतकी जवळीक घरातल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूत नसते, आणि ही वस्तू आठ महिने धूळ खात पडून मार्चमध्ये थेट चालू होते. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात आणि दर उन्हाळ्यात महावितरण आवाहन करतं: पाणी भरताना प्लग काढा, तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा. आवाहन योग्यच आहे. पण कूलर चालू असताना तो जेमतेम एक अँपिअर घेतो, आणि पत्र्यात उतरलेली वीज ओल्या हातातून ओल्या फरशीत जाते तेव्हा तो प्रवाह असतो ०.१ ते ०.२ अँपिअरच्या घरात. इतक्याने हृदयाची लय बिघडून माणूस मरतो. सहाची एमसीबी असो, सोळाची असो की बत्तीसची, तिच्या लेखी ही घटना घडलेलीच नसते. देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वर्षाला बारा हजारांहून अधिक राहिली आहे. त्यातले सगळे घरात मरत नाहीत, शेतात आणि लाइनवर मरणारेही त्यात आहेत. पण जे घरात मरतात त्यांतल्या कोणाला नुसती एमसीबी वाचवू शकली असती, असं म्हणणं कठीण आहे.

माणसाला वाचवण्याचं हे काम आरसीसीबीचं. ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तोलत राहते; दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत आणि फरक मोठा असेल तर ०.०४ सेकंदात वीज तोडते. गेलेलं सगळं परतलं नाही म्हणजे ते कोणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गेलं, इतका साधा हिशेब. 'आमची अर्थिंग उत्तम आहे, मग आरसीसीबी कशाला,' हा त्यावरचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप, आणि त्याचं उत्तर जमिनीत आहे. खेड्यात घराला फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा येतात. अर्थिंग ज्याची त्याने आपल्या अंगणात करायची. मीठ-कोळशाचा खड्डा चांगला जमला तर रोध २० ओहम मिळतो असं धरू, आणि डीपीच्या खड्ड्याचा ५ ओहम. कूलरच्या पत्र्यात फेज उतरला तर जमिनीतून वाहणारा प्रवाह निघतो ९.२ अँपिअर. सोळाची एमसीबी याला कधीच पडणार नाही, आणि तोपर्यंत पत्र्यावर १८४ व्होल्ट उभे असतील. म्हणजे अर्थिंग केलेला कूलर, तीन पिनांचा प्लग, उत्तम एमसीबी, आणि तरीही मरण. एमसीबी झटक्यात पाडायची तर घराच्या आणि डीपीच्या खड्ड्यांचा मिळून रोध एक-दोन ओहमच्या खाली आणावा लागेल. कन्हारीच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात रोध बराच खाली येतो, पण बरडीच्या मुरमाड जमिनीत मे महिन्यात एक-दोन ओहमची अपेक्षा धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. आरसीसीबी असेल तर मात्र पाचशे ओहमची वाईट अर्थिंगही पुरते, कारण तिच्यातूनही ४५० मिलिअँपिअर गळतात, म्हणजे लागतात त्याच्या पंधरापट. अर्थिंग मुळीच नसेल तर आरसीसीबी माणसाने हात लावल्यावर पडेल, म्हणजे झटका बसेल पण क्षणाचा. अर्थिंग असेल तर कोणी हात लावण्याआधीच पडेल. दोन्ही हवीत, पण पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर क्रम स्पष्ट आहे.

आरसीसीबीविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. ती अतिभाराला किंवा शॉर्टला पडत नाही, म्हणून तिच्या आधी एमसीबी हवीच, आणि आरसीसीबीचा अँपिअर-आकडा त्या मेन एमसीबीइतका किंवा जास्त असावा लागतो. दुकानात ती १०० आणि ३०० मिलिअँपिअरचीही मिळते आणि 'ही सारखी पडत नाही' अशा शिफारशीसह मिळते. ती इमारतीला आगीपासून सांभाळण्यासाठी असते, माणसासाठी नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी अगदी किरकोळ भाराच्या जोडण्या सोडून घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली आहे. मग प्रकार एसी की ए, हा प्रश्न येतो. इथल्या दुकानांत सहसा मिळते ती एसी प्रकारची, म्हणजे शुद्ध प्रत्यावर्ती गळती ओळखणारी. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून होणारी अर्धवट गळती ए प्रकारालाच कळते. जर्मनीत घरासाठी एसी प्रकार चालतच नाही. ज्या घरात कूलर आणि पंखेच आहेत तिथे एसी प्रकार नसण्यापेक्षा हजारपट बरा. इन्व्हर्टर एसी येणार असेल तर ए घ्यावी.

खरा अडसर पैशाचा नसून सारखं पडण्याचा आहे. आरसीसीबी बसवली, महिनाभर रोज पडली, वायरमनने वैतागून तिला वगळून थेट जोडणी केली, आणि ती डीबीत शोभेला राहिली, ही गोष्ट गावोगाव घडते. अशा वेळी दोष बहुधा जुन्या वायरिंगचा असतो. एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या पॉइंटवरून उसना घेतलेला असतो. इन्व्हर्टर बसवताना त्याचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलशी कुठेतरी जोडून टाकलेला असतो. न्यूट्रल आणि अर्थ एकाच पट्टीवर आणलेले असतात. आरसीसीबीला हे सगळं गळतीसारखंच दिसतं, आणि पावसाळ्यात ओल आलेल्या मातीच्या भिंतीतली कापडी टेप लावलेली जोडणी तर खरीच गळती असते. उपाय दुहेरी आहे. वायरमनने न्यूट्रल सोडवून घ्यावेत, ही एक दिवसाची मजुरी आहे. आणि सगळं घर एकाच आरसीसीबीवर न टांगता कूलर, गिझर, मोटार अशा पाण्याशी संबंध असलेल्या लाइनींना एमसीबी आणि गळतीरक्षण एकत्र असलेली वेगवेगळी आरसीबीओ द्यावी. मग मोटारीत ओल गेली म्हणून फ्रिजमधलं दूध नासत नाही. बटण दाबून महिन्यातून एकदा ती पडते का पाहावं. न पडणारी आरसीसीबी ही नसलेल्यापेक्षा वाईट, कारण तिच्यावर भरवसा असतो.

ब्रेकर काय करू शकत नाही, हे सांगितल्याशिवाय आढावा अपुरा राहील, आणि भंडाऱ्यात तो विषय ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीपाशी गेल्यावाचून राहत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली तेव्हा तिथे सतरा बाळं होती. दहा दगावली, सात वाचवता आली. शासकीय चौकशीने आगीची सुरुवात एका वॉर्मरमधल्या विद्युत बिघाडापाशी नेली, आणि पुढे राज्यभर रुग्णालयांची अग्नी व विद्युत तपासणी सुरू झाली. रुग्णालय आणि घर यांची तुलना सरळ होत नाही. तरी 'शॉर्ट सर्किटमुळे आग' हे बातमीतलं वाक्य जे समाधान देतं, ते घराच्या बाबतीतही तपासून घ्यायला हवं. खरं शॉर्ट सर्किट ही ब्रेकरने सर्वांत लवकर पकडायची गोष्ट. आगी बऱ्याचदा लागतात त्या ढिल्या स्क्रूपाशी, अर्धवट तुटलेल्या तारेत, जळकट सॉकेटमध्ये होणाऱ्या ठिणग्यांनी. या ठिणग्यांत प्रवाह नेहमीइतकाच, कधी कमीच असतो. एमसीबीला तो अतिभार वाटत नाही आणि आरसीसीबीला गळती वाटत नाही. ठिणगी ओळखणारी उपकरणं जगात आहेत, पण ती महाग आहेत आणि आपल्या बाजारात विरळा. तोपर्यंत प्लग गरम लागणं, स्विचला वास येणं, दिवा लुकलुकणं यांकडे लक्ष देणं हाच इलाज. डीपीकडचा न्यूट्रल तुटला तर शेजारच्या फेजचा भार फिरून घरात चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. तेही एमसीबीला कळत नाही, त्याला जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं वेगळं साधन लागतं. मृगाच्या विजांसाठी सर्ज अरेस्टर लागतो. टीव्ही-फ्रिजचा प्लग काढून ठेवण्याची आजीची सवय मात्र अजूनही सर्वांत स्वस्त आणि अचूक.

मेन स्विच दोन पोलचा असावा, कारण वर सांगितलेल्या न्यूट्रलच्या भानगडीत न्यूट्रलही जिवंत होऊ शकतो आणि एका पोलची एमसीबी पाडून हात घालणाऱ्याला ते माहीत नसतं. यापलीकडे मेनविषयी फार बोलण्यासारखं नाही. मंजूर भार पाहून २५ किंवा ३२ ची घ्यावी, तिथे बत्तीसला जागा आहे.

उरतो प्रश्न जबाबदारीचा. नव्या जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, आणि तो कितीदा घर न पाहता भरला जातो हे उघड गुपित आहे. त्या कागदावर सह्या-शिक्क्यांपेक्षा दोन मोजमापं सक्तीची झाली तर पुष्कळ फरक पडेल: घरातल्या सर्वांत लांबच्या सॉकेटपाशी वाटेचा एकूण रोध किती, आणि आरसीसीबी किती मिलिअँपिअरला, किती वेळात पडली. दोन्ही मोजणारी यंत्रं हातात मावतात आणि जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वायरमन घडवताना ती शिकवता येतात. गरिबाच्या घराला हे परवडणार नाही, असा शेवटचा आक्षेप राहतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला सपाट भागात एक लाख वीस हजार रुपये मिळत आले आहेत. दोन पोलची ३० मिलिअँपिअरची चांगली आरसीसीबी साधारण दीड ते अडीच हजारांत येते, दिवे आणि सॉकेटच्या दोन बी एमसीबी काहीशे रुपयांत. म्हणजे घरकुलाच्या रकमेच्या दोन टक्क्यांच्या आसपास. घरकुलाच्या अंदाजपत्रकात विटा, सिमेंट आणि पत्रे यांच्या बरोबरीने हा एक आकडा लिहिला गेला, तर तो खर्च लाभार्थ्याला सोसावा लागणार नाही आणि दुकानदारालाही बी एमसीबी नागपूरहून मागवून ठेवावी लागेल.